शिकलगारांचे सतारमेकर



आजच्या व्याख्यानाचा विषय मला एका बापलेकांच्या वादामुळे सुचला. गेल्या दिवाळीनंतर ते दोघे माझ्या घरी आले होते. मुलगा बत्तीस वर्षांचा, एका यंत्रांच्या कारखान्यात बऱ्या पगारावर आहे. त्याला नोकरी सोडून तंबोरे करावयाचे आहेत. गवई व्हावे अशी त्याची इच्छा नाही. तंबोरा आपल्या हाताने घडवावा, एवढेच त्याच्या मनाने घेतले आहे. वडील निवृत्त कारकून. ते म्हणाले, "सर, आमच्या घराण्यात कोणी आजवर रंधा हातात धरलेला नाही. हे खूळ याच्या डोक्यातून तुम्ही काढा." मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेत, शिवाय तंबोरा घेऊन गाणेही शिकलात. हे जमण्याजोगे आहे की नाही, ते तुम्हीच सांगा."

मी त्या दिवशी दोघांना चहा पाजला आणि उत्तर उद्यावर ढकलले. दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या प्रश्नावर घाईने बोलू नये, हे वयाने शिकवले आहे. पुढे विचार करीत असता ध्यानात आले की, या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मुलखात, मिरजेस, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. त्या गावी एका सबंध जमातीने आपला पिढीजात धंदा मोडल्यावर तारवाद्ये करण्याचा नवा धंदा उभा केला आणि तो सहा-सात पिढ्या चालवला. तो कसा उभा राहिला आणि कशाच्या बळावर टिकला, हे नीट पाहिले तर त्या तरुणालाही उत्तर मिळेल आणि त्याच्या वडिलांनाही. ते दोघेही आज या सभागृहात आहेत. म्हणून मी थोडे जपूनच बोलणार आहे.

धार लावणारे हात

मिरज हे कृष्णाकाठचे जुने ठाणे. तेथे किल्ला होता, फौज होती, पुढे पेशवाईत पटवर्धन सरदारांचा अंमल होता. जेथे फौज तेथे हत्यारे आणि जेथे हत्यारे तेथे शिकलगार, हे ओघानेच आले. तलवारीला, जंबियाला, भाल्याला धार लावणे, गंज काढून पात्याला पाणी देणे, मूठ बसवणे, ही शिकलगारांची कामे. ही जमात मुसलमान, हाताने कुशल, आणि तिचे पोट सर्वस्वी लढाईच्या साहित्यावर अवलंबून.

१८१८ साली पेशवाई संपली. संस्थानिक उरले, पण त्यांच्या लढाया उरल्या नाहीत. फौजा घटल्या तशी हत्यारेही खुंटीला लागली. पुढे १८५७ च्या धामधुमीत सरकारने लोकांची शस्त्रे काढून घेण्याचा कायदा केला. मिरजेहून फार लांब नसलेल्या मुधोळ संस्थानात हलगलीच्या बेरडांनी त्या कायद्याविरुद्ध उठाव केला आणि तो निर्दयपणे मोडून काढण्यात आला. १८७८ च्या हत्यारबंदीच्या कायद्याने तर उरलीसुरली आशाही संपवली. ज्यांचे जीवन शस्त्रावर चालत होते, त्यांच्यापुढे त्या शतकात केवढा पेच उभा राहिला असेल, याची यावरून कल्पना करावी.

या पडत्या काळाच्या आरंभी, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, मिरजेच्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब आणि मोहिउद्दीन यांनी तारवाद्यांच्या कामाला हात घातला. या घराण्यांतील परंपरा अशी की, संस्थानिकांच्या पदरी गवई येत, त्यांच्याबरोबर उत्तरेकडचे तंबोरे आणि सतारी येत. वाद्य प्रवासात पिचले, भोपळा तडकला, खुंटी सैल झाली, तर दुरुस्तीला परत उत्तरेकडे कोण पाठवणार? गावात हाताचा कसबी कोण, अशी चौकशी होई आणि ते वाद्य शिकलगाराच्या दारी येई. दुरुस्ती करता करता वाद्य उलगडून पाहता आले. उलगडलेले पुन्हा जोडता आले. आणि मग एके दिवशी नवे करून पाहावे, असे धाडस झाले.

श्रोतेहो, हा क्रम ध्यानात ठेवा. आधी दुरुस्ती, मग नवे वाद्य. पुढे याचे काम पडणार आहे.

आता प्रश्न असा की, तलवारीचा कसबी तंबोऱ्याच्या कामी का यावा? लोखंड आणि लाकूड यांचे नाते काय? मला वाटते, शिकलगाराच्या हातात एक गोष्ट अशी होती की, ती साध्या सुताराच्या हातात सहसा नसते. पात्याला धार लावणारा माणूस धातू काढून टाकीत असतो, पण तो केसाच्या जाडीचे माप सांभाळून. एक घास जास्त झाला तर पाते वाया जाते. डोळ्यांनी दिसणार नाही एवढा उंचसखलपणा त्याला बोटाने कळतो. ही बोटांची समज तंबोऱ्याच्या कामात कशी उपयोगी पडते, ते तंबोरा कसा होतो हे पाहिल्यावाचून कळणार नाही.

तंबोरा कसा होतो

तंबोऱ्याचा जन्म शेतात होतो. त्याचा भोपळा आपण भाजीला वापरतो तो नव्हे. हा कडू, जाड सालीचा आणि मोठा. मिरजेचे कारागीर तो मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या खोऱ्यातून आणतात. फळ वेलीवर पूर्ण पिकू द्यावे लागते, मग ते महिनोन्महिने वाळवावे लागते. आतला गर आणि बिया सुकून खुळखुळू लागल्या आणि साल लाकडासारखी टणक झाली, म्हणजे तो कामाचा. शंभर भोपळ्यांतून घाट, जाडी आणि घेर तिन्ही साधणारे थोडेच निघतात. पुरुषी आवाजासाठी मोठ्या घेराचा, बायकांच्या उंच पट्टीसाठी लहान घेराचा, अशी निवड करावी लागते.

निवडलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, मग वरचा भाग कापून तोंड मोकळे करतात आणि आतून खरवडून स्वच्छ करतात. ओला असतानाच आत काठ्यांचा ताण देऊन त्याला हवा तो आकार देतात आणि तसाच वाळू देतात. यानंतर लाकूडकाम. भोपळ्याला जोडणारा गळा, त्यातून वर जाणारी पोकळ दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर झाकणासारखी बसणारी तबली, हे भाग बहुधा तुनाच्या लाकडाचे करतात. तून हलके, सरळ रेषांचे आणि चांगले वाळवल्यावर न वाकणारे असते. सांधे सरसाने जोडायचे, बांधून ठेवायचे आणि वाळण्याची वाट पाहायची. खुंट्या कठीण लाकडाच्या, कारण तारांचा ताण त्यांनी पेलायचा असतो. शेवटी नक्षीकाम आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात. भोपळा आणि लाकूड तयार असले तरी एका चांगल्या तंबोऱ्याला काही आठवडे लागतात. आणि त्यातला बराच वेळ काम करण्यात न जाता वाट पाहण्यात जातो.

या भागांपैकी तबलीकडे थोडे लक्ष द्या. तार बारीक असते. ती एकटी हवेला हलवू शकत नाही. तिचे कंपन घोडीतून तबलीला जाते आणि तबली हवेला हलवते. तबली जाड राहिली तर वाद्य मुके होते. फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने काही दिवसांत बसते. कारागीर तबली तासताना मधून मधून बोटाने ठोकून ऐकतो आणि कुठे थांबायचे ते ठरवतो. हे तत्त्व सर्व देशांच्या तारवाद्यांना लागू आहे. स्पेन देशात अंतोनियो दे तोर्रेस नावाचा गिटार करणारा होऊन गेला. आजच्या गिटारीचा घाट त्याने ठरवला. वाद्याचा आवाज मुख्यतः वरच्या फळीत असतो हे पटवून देण्यासाठी त्याने १८६२ साली एक गिटार अशी केली की, वरची फळी लाकडाची आणि पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. ती गिटार वाजली. हा तोर्रेस मूळचा सुतार. त्याची आठवण शेवटी पुन्हा काढावी लागेल.

जवारी

येथवरचे काम मन लावून शिकणाऱ्या कोणाही चांगल्या सुताराला साधेल. पण एवढ्याने जे तयार होते तो तंबोऱ्याचा देह. त्यात जीव येतो तो जवारीने.

तबलीवर ज्या पट्टीवरून तारा जातात तिला घोडी म्हणतात. व्हायोलिनची घोडी वर निमुळती असते आणि तार तिच्या धारेला एकाच बिंदूत टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता, गोलसर घासलेला असतो. तार छेडली की ती वरखाली होताना त्या उतारावर थोडी टेकते, थोडी सुटते. टेकण्याची जागा क्षणोक्षणी मागेपुढे सरकते. यातून तारेच्या मूळ स्वराबरोबर उपस्वरांचा झोत बाहेर पडतो. तारेखाली घोडीवर कापसाचा किंवा रेशमाचा बारीक दोरा सरकवून नेमकी जागा साधतात. जागा साधली की तोवर ठणठण वाजणारी तार एकदम गुंजू लागते. ज्यांनी हे प्रत्यक्ष ऐकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. खोलीत दिवा लावल्यासारखे वाटते.

उपस्वर म्हणजे काय, ते आकड्यांनी सांगतो. समजा, षड्जाची तार सेकंदाला १०० कंपने करते. तीच तार त्याच वेळी २००, ३००, ४००, ५०० अशीही कंपने करीत असते. २०० म्हणजे वरच्या सप्तकाचा षड्ज. ३०० म्हणजे त्या सप्तकातला पंचम. ४०० म्हणजे आणखी वरचा षड्ज. आणि ५०० म्हणजे त्याच्यावरचा गंधार. तंबोऱ्यात गंधाराची तार कोणीही लावीत नाही. तरी चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो, तो हा. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्यात गूढ काही नाही. पण तो स्पष्ट ऐकू यावा यासाठी घोडीचा माथा बिनचूक लागतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव आपण प्रकाशाच्या संशोधनासाठी घेतो. त्यापूर्वी त्यांनी वाद्यांवर बरेच काम केले होते. १९२१ साली त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. युरोपात यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम प्रमाण मानीत. तो असा की, तार ज्या ठिकाणी छेडाल त्या ठिकाणी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल, तो उपस्वर उमटणार नाही. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली तर २००, ४०० हे सम उपस्वर गळावेत. रामन यांनी दाखवले की, आपल्या या वाद्यांत ते गळत नाहीत, उलट ठळक उमटतात, आणि याचे कारण ही रुंद गोलसर घोडी होय. मिरजेचे कारागीर हे रामन यांच्या आधी कैक वर्षे करीत आले होते. त्यांच्याजवळ समीकरण नव्हते, बोट आणि कान होते.

या ठिकाणी मला माझीच एक फजिती सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, रामन यांचा सिद्धांत वर्गात शिकवून झाल्यावर, मला वाटले की आता माझ्या तंबोऱ्याची जवारी मीच काढावी. तत्त्व ठाऊक होते, घरात कानस होती. रविवारी सकाळी बसलो. थोडे घासले, आवाज चिरका झाला. ते सुधारावे म्हणून आणखी घासले. दुपारपर्यंत तंबोरा पूर्ण मुका झाला. पुढच्या आठवड्यात तो गुंडाळून मिरजेस घेऊन गेलो. म्हाताऱ्या कारागिराने घोडीवरून नुसते बोट फिरवले आणि विचारले, "मास्तर, कितीदा थांबलात?" मी म्हटले, "म्हणजे?" ते म्हणाले, "एक हात घासायचा, तार चढवायची, ऐकायचे. पुन्हा उतरवायची, एक हात घासायचा. लाकूड काढता येते, परत घालता येत नाही." त्यांनी जुनी घोडी काढून टाकली आणि नवी बसवली. तिची जवारी काढायला त्यांना जवळजवळ दोन तास लागले. त्यातला घासण्याचा वेळ पाच-दहा मिनिटांचा असेल. बाकी सारा वेळ ते ऐकत होते.

शिकलगाराच्या बोटांची समज येथे कामी आली असे मी म्हणतो, ते यासाठी. थोडे काढावे, थांबावे, पाहावे, हा संयम त्यांना तलवारीच्या पात्याने शिकवला होता. तलवारीच्या कामात पाहावे लागे, तंबोऱ्यात ऐकावे लागते, एवढाच फरक. परंतु हा फरक लहान नाही. हात त्यांनी जुन्या धंद्यातून आणला. कान मात्र त्यांना नव्याने घडवावा लागला.

कान कोणी घडवला?

कान गवयांनी घडवला. मिरजेचे भाग्य असे की, वाद्ये करणाऱ्यांच्या दाराशी गाणारे राहत होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहिले. त्यांच्याजवळ विष्णु दिगंबर पलुसकर याच गावी शिकले. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात गवई हजेरी लावीत. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली ते वारले, तेव्हा त्यांचा देह त्याच दर्ग्याच्या आवारात ठेवण्यात आला. तंबोरा स्वतः दुरुस्त करण्याचा, त्याची जवारी मनासारखी होईपर्यंत न सोडण्याचा खाँसाहेबांना मोठा षोक होता, असे जुने लोक सांगत. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर आपले पुस्तक छापले. स्वरांची नेमकी मापे ठरवण्याच्या त्यांच्या खटपटीतही खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य होते.

अशा माणसांच्या हाती कारागिराने तंबोरा द्यावा आणि त्यांनी तो कानाशी धरून 'पंचम बोलत नाही' म्हणून परत करावा, हे कारागिराचे खरे शिक्षण. कठोर गिऱ्हाईक जवळ असणे यासारखी शाळा नाही. ज्या गावी वाखाणणारेच सारे असतात, तेथे कारागीर बिघडतो.

दुसरा आधार गिऱ्हाइकांच्या संख्येचा. एका संस्थानिकाच्या पदरी दोन-चार गवई. त्यांना किती तंबोरे लागणार? तेवढ्यावर एक घर चालेल, गल्ली चालणार नाही. परंतु १८८० नंतर किर्लोस्कर मंडळींच्या मागोमाग संगीत नाटकांचा बहर आला. १९०१ साली विष्णु दिगंबरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे गावोगाव गायनशाळा निघाल्या. गाणे दरबारातून मध्यमवर्गाच्या माजघरात आले. जेथे जेथे वर्ग भरला तेथे तेथे तंबोरा लागला. त्याच सुमारास मिरज रेल्वेचे जंक्शन झाले होते. नाजूक वाद्य पेटीत भरून दूरदेशी पाठवणे शक्य झाले. मिरजेचा माल देशभर गेला तो या तीन कारणांनी: गाण्याचा प्रसार, शाळा आणि रेल्वे.

तिसरा आधार कच्च्या मालाचा. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची होते, कारण तेथे फणस आहे. मिरजेला भीमेकाठचा भोपळा मिळाला. आणि चौथा आधार घराचा. एक भाऊ भोपळा साफ करतो, दुसरा दांडी धरतो, मुलगा खुंट्या घासतो, जवारीला वडील बसतात. मूल बोलायला शिकते त्याच वयात बरी जवारी आणि वाईट जवारी त्याच्या कानावरून जाते.

अशा रीतीने शिकलगारांची वस्ती सतारमेकर गल्ली झाली आणि माणसांचे आडनावही सतारमेकर झाले. अर्धा शब्द मराठी, अर्धा इंग्रजी. पण धंद्याने नाव बदलण्याइतके मूळ धरले, याचा त्याहून चांगला दाखला कोणता?

आजची स्थिती

आता आजचे पाहू. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसऱ्या गावी झालेले वाद्य मिरजेचे म्हणून विकता येणार नाही. आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते. विद्येचे रक्षण शिकणाऱ्यानेच करावे लागते.

अडचणी लहान नाहीत. विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी गेल्या शतकाच्या अखेरीस घरोघर आली आणि आता तर तंबोरा मोबाइलात आहे. नवशिक्या विद्यार्थ्याला तो पुरतो. म्हणून जो पहिला, स्वस्त तंबोरा पूर्वी हमखास खपे, त्याची मागणी आटली. भोपळ्याच्या शेतकऱ्यापुढे उसाचे पीक उभे आहे. एखादे वर्ष अवेळी पाऊस झाला तर भोपळा सडतो आणि पुढच्या हंगामापर्यंत कारागीर काय करणार? पूर्वी घोडीला आणि नक्षीला हस्तिदंत, सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी ते बंद झाले आणि ते योग्यच झाले. शिसवी लाकडाच्या परदेशी व्यापारावर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली तेव्हा वाद्ये परदेशी पाठवणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शिवाय घरातली शिकलेली मुले ठरावीक पगाराकडे वळतात. त्यांना दोष कोणी द्यावा? त्यांच्या पूर्वजांनीही पोटासाठीच धंदा बदलला होता.

यांतली शेवटची गोष्ट मात्र आपल्या तरुण मित्राला उपयोगाची आहे. घरातले जेव्हा बाहेर जातात, तेव्हा बाहेरच्याला आत यायला दार उघडते.

बापलेकांना उत्तर

तेव्हा आता त्या दोघांना काय सांगू?

वडिलांना सांगतो, "आपल्या घराण्यात कोणी रंधा धरला नाही" हे कारण पुरेसे नाही. फरीदसाहेबांच्या घराण्यातही कोणी तंबोरा केलेला नव्हता. आणि तुमचा मुलगा रिकाम्या हाताने निघालेला नाही. यंत्राच्या कारखान्यात तो दहा वर्षे सूतभर चुकी न होऊ देता मापे सांभाळतो आहे. शिकलगाराजवळ जी पुंजी होती, तीच ही.

मुलाला सांगतो, तुझ्याजवळ हात आहे, कान आहे की नाही ते तुलाच अजून ठाऊक नाही. आणि जे चार आधार मी सांगितले, त्यांपैकी घराचा आधार तुला नाही, कच्च्या मालाची ओळख नाही, गिऱ्हाईक नाही. म्हणून आज नोकरी सोडू नकोस. मघाच्या तोर्रेसची गोष्ट ऐक. आपल्या विद्येत युरोपभर नाव होईल असा हा माणूस. १८५८ साली सेव्हिलच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. तरीही वाद्यांवर संसार चालेना. १८७० च्या सुमारास तो आपल्या गावी, आल्मेरियास परतला आणि त्याने चिनी मातीच्या व काचेच्या भांड्यांचे दुकान घातले. पाच-एक वर्षांनी त्याने पुन्हा गिटारी करावयास घेतल्या आणि १८९२ साली मरेपर्यंत त्या केल्या. भांडी विकली म्हणून त्याच्या गिटारींची किंमत कमी झाली नाही. पोटाची सोय निराळी ठेवून विद्या सांभाळण्यात कमीपणा नाही.

तेव्हा तू असे कर. सुटीच्या दिवशी मिरजेस जा. जो कारागीर दाराशी बसू देईल त्याच्याकडे बस. पहिले वर्ष भोपळे खरवड आणि सरस तापव. त्याबरोबर एखाद्या गाणाऱ्याकडे जाऊन तंबोरा लावायला शीक. चारही तारा जुळवणे आले पाहिजे, नाहीतर तुझे काम बिघडले हे तुला कळणारच नाही. दुसऱ्या वर्षी दुरुस्ती घे. या गावात, तुझ्या-माझ्या ओळखीच्या घरांत, माळ्यावर तडकलेले, घोडी निखळलेले तंबोरे धूळ खात पडलेले आहेत. कोणाच्या आजीचा, कोणाच्या आत्याचा. आजच्या काळात नव्या तंबोऱ्याला गिऱ्हाईक दुर्मिळ असेल, दुरुस्त करणारा त्याहून दुर्मिळ आहे. शिकलगारांनी आरंभ दुरुस्तीने केला, तूही तेथूनच कर. जुने वाद्य उघडून पाहणे हाच या विद्येचा ग्रंथ आहे, आणि त्या कामाचे थोडे पैसेही मिळतात.

आणि ज्या दिवशी तू लावलेली जवारी ऐकून एखादा गवई काही न बोलता डोळे मिटून षड्ज लावील, त्या दिवशी नोकरी सोडण्याचा विचार कर. तोपर्यंत वडिलांशी भांडू नकोस.

वडिलांनाही एक विनंती आहे. त्याच्या पहिल्या दुरुस्तीसाठी त्याला एक तंबोरा लागेल. माझ्या घरी मिरजेची घोडी लावलेला माझा जुना तंबोरा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचा गळा सुटला आहे. तो मी त्याच्या हाती देणार आहे. गळा त्याने जोडावा, सरस वाळेपर्यंत थांबावे. घोडीला मात्र त्याने इतक्यात हात लावू नये. ती चूक या घरात एकदा होऊन गेली आहे.